टकटकरावांची काळी गच्ची

टकटकरावांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. गच्चीवर गेले की ते आधी चहूकडे नजर फिरवतात, मग गुडघ्यांवर बसतात आणि हातातल्या लोखंडी दांडीने स्लॅब ठोकायला लागतात. टकटक, टकटक. आवाज भरीव आला की वीतभर पुढे सरकायचं, पोकळ आला की खडूने गोल करायचा. असं एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत. घरमालक पहिली पाच मिनिटं कौतुकाने बघतो, पुढची दहा मिनिटं तोंडदेखलं बघतो आणि मग चहाचं बघतो म्हणून खाली सटकतो. टकटकरावांना त्याचं काही नसतं. एकसष्टाव्या वर्षीही त्यांचे कान तिखट आहेत आणि गुडघे, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, स्लॅबपेक्षा मजबूत.

घरांची छतं गळायची थांबवणं हा त्यांचा धंदा. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. भिंतीवर ओल जिथे दिसते तिथे पाणी शिरलेलं नसतं, ते चार हात लांबून वाट काढत आलेलं असतं, हे समजावून सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो की बघणाऱ्याला वाटावं, पाण्याशी यांचं घरगुती भांडण आहे. "माझ्या हातचं छत गळत नाही," हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी बोलायचे. बढाई मारायलाही काही मर्यादा असते, पण ती मर्यादा टकटकरावांना कधी सापडली नाही. गोष्ट खरी होती म्हणून लोक ऐकून घ्यायचे, एवढंच.

आणि हे खरं असल्याचा पुरावा दाखवायचा झाला, तर ते गिऱ्हाइकाला स्कूटरवर मागे बसवून थेट वहिनीच्या घरी घेऊन जायचे.

वहिनी त्या घरात नवी सून म्हणून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि टकटकराव नऊ. आई आदल्याच वर्षी गेली होती. थोरला भाऊ कामावर गेला की घरात ही दोघंच. त्याच्या डोक्याला तेल लावणं, त्याचा अभ्यास घेणं, तापात रात्र काढणं हे सगळं तिने केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची. अजूनही म्हणते. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, डोक्याचे केस पिकलेल्या माणसाला कोणीतरी 'धाकट्या' अशी हाक मारतं आणि तो निमूट 'आलो' म्हणतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना टकटकरावांबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

वहिनी शिवणकाम करायची. घर लहानसं, खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून तिची मशीन. शाळांचे गणवेश, पडदे, अभ्रे, लहान मुलींचे फ्रॉक. तिच्या टाक्याची सरळ रेघ बघून लोक तोंडात बोटं घालायचे. छत मात्र गळकं. पाऊस लागला की ती मशीन ओढत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायची, बादल्या मांडायची आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवायची.

बारा वर्षांपूर्वी थोरला भाऊ गेला. टकटकरावांना दुःख करायची एकच रीत माहीत होती, ती म्हणजे काम. त्यांनी आठ दिवस सगळी गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडली आणि वहिनीच्या गच्चीवर ठाण मांडलं. गच्चीवर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा जुना जाड थर होता, तडे गेलेला, पाणी पिऊन फुगलेला. तो त्यांनी छिन्नी-हातोडीने पुरता उखडला, नागड्या स्लॅबपर्यंत. मग काळी डांबरी शीट, गॅसच्या ज्योतीवर तापवून, हात-हात पुढे सरकत चिकटवली. सांध्यांवर दुप्पट पट्ट्या. कठड्यावर वीतभर चढवून वर सिमेंटची कड. आठव्या दिवशी संध्याकाळी काळेभोर हात घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "वहिनी, आता दहा वर्षं डोळे मिटून झोप."

त्या वर्षी पावसाने कहर केला. छतातून थेंब नाही.

तेव्हापासून ती गच्ची त्यांचा नमुना झाली. महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी बघायला यायचं. टकटकराव शीटवर पाय आपटून दाखवायचे, सांध्यात नख घालून दाखवायचे, आणि वहिनी सगळ्यांना चहा करायची. पुढच्याच वर्षी तिची मशीन बंद पडली, म्हणजे तिनेच झाकून ठेवली. अंथरूण खाली स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळकांडीत आलं. टकटकरावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, गुडघे दुखतात रे, जिना होत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गुडघ्यांना चोळायला तेलाची बाटली आणून दिली. कर्तव्य झालं.

यंदा उन्हाळा नुकता तापायला लागला होता तेव्हा पुतण्याचा, म्हणजे वहिनीच्या मुलाचा, फोन आला. शीटचा एक सांधा कडेला सुटलाय, बघून जा. टकटकराव सकाळी सातला हजर. सांधा खरंच सुटला होता, पण तळहाताएवढाच. बाकीची शीट बारा वर्षांनंतरही स्लॅबला घट्ट धरून होती. ते मनातून सुखावले.

"काका, यावरच अजून एक शीट मारून टाका," पुतण्या म्हणाला. "बाळ यायच्या आत झालेलं बरं."

सूनबाईला सातवा महिना होता. त्यामुळे घरात बरीच हलवाहलव चालली होती. खालची मागची खोली बाळ-बाळंतिणीला. बोळकांडीत पाळणा, कपडे वाळवायचा घोडा, पाणी तापवायची शेगडी. म्हणजे वहिनीचं अंथरूण टाकायला जागा नाही.

"आईचं काय?" टकटकरावांनी विचारलं.

"आई मावशीकडे जातेय. मावशी एकटीच असते, तिलाही सोबत होईल. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे."

"अरे, पण वरची खोली रिकामीच आहे की."

"तिथे सामान टाकणार. माणूस थोडाच राहू शकतो तिथे."

"न राहायला काय झालं? इतकी वर्षं वहिनी तिथेच होती."

पुतण्याने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "काका, तुम्ही कधी दुपारी त्या खोलीत गेलायत?"

 टकटकराव कधीच गेले नव्हते. वहिनीच्या काय, चाळीस वर्षांत कोणाच्याच छताखालच्या खोलीत ते उन्हाळ्याच्या दुपारी बसले नव्हते. छताची कामं करणारे पहाटे गच्ची गाठतात आणि ऊन चढायच्या आत खाली उतरतात. त्यानंतर गच्चीवर पाय टेकवत नाही, डांबराला हात लाववत नाही. गिऱ्हाईक बोलावतं तेही पावसात. भर दुपारी दोन वाजता खाली कोण काय सोसतंय, हे बघायची या धंद्यात वेळच येत नाही. छत गळलं की माणूस ओरडतो. तापलं तर उन्हाळ्याला शिव्या देतो, छतवाल्याला देत नाही.

त्या दिवशी टकटकराव घरी गेले नाहीत. वहिनीच्या हातचं जेवले आणि दोनच्या सुमारास कोणाला काही न बोलता वर गेले.

दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली. त्यांनी खिडकी उघडली, काही फरक पडला नाही. मशीनवरचं कापड बाजूला करून हात ठेवला, तर लोखंड कढत. आतलं तेल आटून चिकट झालेलं. फळीवर एक मेणबत्ती उभी होती, ती कमरेत वाकून फळीच्या कडेवरून खाली बघत होती. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि छताला तळहात लावला. पाचपर्यंत मोजून होईपर्यंत हात काढून घ्यावा लागला. मग ते तिथेच मशीनसमोर बसले. एक तास बसले. सदरा पाठीला चिकटला, डोकं ठणकायला लागलं, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळं एकामागून एक उलगडत गेलं. तो चुना-विटांचा थर गळत होता, पण ऊन अडवत होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने उखडला होता. त्याच्या जागी काळा रंग अंथरला होता, दिवसभर ऊन पिणारा. पाण्याचा बंदोबस्त करण्याच्या नादात खाली माणूस राहतं हे ते साफ विसरले होते, आणि ते माणूस वहिनी होती.

खाली आले तेव्हा वहिनी ओट्याशी बसून भाजी निवडत होती.

"वहिनी, तू वर झोपायचं का सोडलंस?"

"आता काय झालं मध्येच? गुडघे—"

"गुडघे सोडून सांग."

तिने त्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे बघितलं. सांगायचं की नाही असा विचार करत दोन-तीन देठ मोडले.

"पहिल्या उन्हाळ्यात जमवलं मी," ती म्हणाली. "ओली चादर अंथरायची, पाय बादलीत ठेवायचे आणि हातमशीन असल्यासारखं एका हाताने चाक फिरवायचं. पण घाम गळायचा रे. पांढऱ्या गणवेशावर डाग पडायचे. एक बाई सगळी कापडं परत घेऊन आली. बोलली काही नाही बिचारी, पण मलाच कसंतरी झालं. मग झाकून ठेवली मशीन."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार? भाऊ गेला तुझा, आणि तू आठ दिवस त्या गच्चीवर गुडघे फोडून घेत होतास. जेवायला खाली ये म्हटलं तर येत नव्हतास. वर म्हणालास, डोळे मिटून झोप. झोपच येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू तुला? आणि नंतर तर तू माणसं घेऊन यायला लागलास बघायला."

टकटकराव खाली जमिनीवर बसले. "चुकलं माझं, वहिनी."

"चल, काहीतरीच. गळायचं थांबलं ना? मग झालं." तिने भाजीचं ताट पुढे ओढलं. विषय संपला, असं तिच्या हातांनी सांगितलं.

पण टकटकरावांच्या मनात तो संपला नव्हता. भिंतीशी एक पिशवी भरून ठेवलेली दिसत होती, वर घडी करून शाल.

"तुला जायचंय मावशीकडे?"

वहिनीने उरलेले देठ गोळा केले. मग म्हणाली, "आपलं घर सोडून कोणाला जावंसं वाटतं रे? पण मी जागा अडवून बसले, तर त्या पोरीने बाळ कुठे झोपवायचं?"

दुसऱ्या दिवशी टकटकरावांनी पुतण्याला सांगितलं की काळी शीट सगळी काढायची. पुतण्याला वाटलं काकांना ऊन लागलं.

"गळत नाही ते उकरायचं? का म्हणून? एक सांधा सुटलाय, तो चिकटवा. उद्या नवीन लावलेलं गळायला लागलं आणि खाली तान्हं मूल असलं तर?"

"तर मी गच्चीवर छत्री धरून बसेन."

"काका, चेष्टा नाही."

"मीही चेष्टा करत नाही. खोली तापू द्यायची नसेल तर वर फिकट लेप हवा. तो डांबरावर लावला तर खालून तेल वर येतं, वर्षभरात सगळं पिवळं-तपकिरी होतं, सालं निघतात. अर्धवट करायचं नाही. काढायची तर मुळापासून."

पुतण्या वाईट मुलगा नव्हता. घाबरला होता, आणि पहिल्यांदा बाप होणारा माणूस सगळ्यालाच घाबरतो. शेवटी सूनबाईच आतून म्हणाली, "होऊ दे ना. वर राहता येत असेल तर आई इथेच हव्यात मला. बाळाला पहिली आंघोळ कोण घालणार, तुम्ही?" पुतण्याने हात टेकले. टकटकरावांनी पाऊस यायच्या आत काम पुरं करायचा शब्द दिला, आणि पिशवी तशीच भिंतीशी राहिली. वहिनी म्हणाली, आधी बघू, मग सोडू.

बारा वर्षांपूर्वी इतक्या जिवापाड चिकटवलेली शीट उकरायला पाच सकाळी लागल्या. टकटकराव आणि त्यांचा जुना जोडीदार, दोघंच. जोडीदार खरवडून खरवडून घायकुतीला आला.

"एवढं घट्ट कोणी चिकटवलंय हो हे?"

"एका गाढवाने," टकटकराव म्हणाले आणि पुढचा पट्टा ओढायला लागले. समोरच्या गच्चीवरून लोक बघत होते. ज्या छताची ते छाती पुढे काढून जाहिरात करत होते, तेच ते स्वतः फाडून खाली फेकत होते. एकाने विचारलंच, गळायला लागलं की काय शेवटी? टकटकरावांच्या जिभेच्या टोकावर जुनं वाक्य आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "नाही," एवढंच म्हणाले.

आता लावायचं काय? दुसऱ्याचं घर असतं तर त्यांनी जागच्या जागी सांगितलं असतं. इथे मात्र ते दोन दिवस नुसते स्लॅबवर बसून राहिले. जुना चुना-विटांचा थर परत घालता आला असता, पण तो वाळायला, मुरायला महिना हवा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्लॅबवर पुन्हा तेवढं ओझं टाकायला त्यांचा जीव होईना. लेपच हवा. सिमेंटमध्ये कालवायचा करडा लेप होता, दगडासारखा टणक, पाणी साचलं तरी बिघडत नाही. दुसरा दुधी रंगाचा, चकचकीत, रबरासारखा ताणला जाणारा. तिसरा साधा पांढरा, चुन्यासारखा दिसणारा पण लवचीक, ऊन परतवून लावण्यात पहिला नंबर, आणि साचलेल्या पाण्याला तेवढाच नाजूक. दुकानदाराने तिन्हींची माहितीपत्रकं हातात ठेवली. तिन्हींवर निळं आकाश आणि हसरं कुटुंब.

टकटकरावांनी पत्रकं खिशात कोंबली आणि त्यांना जे कधी सुचलं नव्हतं ते केलं. गच्चीच्या मधोमध, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे, तिन्ही लेपांचे चटईएवढे तीन चौकोन लावले. चार दिवस वाळू दिले. पाचव्या दिवशी दुपारी अडीचला खाली येऊन म्हणाले, "वहिनी, जरा वर ये. चप्पल घालू नकोस."

ती जिना चढली. गुडघ्यांनी फारशी कुरकुर केली नाही, हे टकटकरावांच्या नजरेतून सुटलं नाही. शेवटच्या पायरीपासून चौकोनांपर्यंत त्यांनी ओलं पोतं अंथरलं होतं.

"एकेकावर पाय ठेव. आणि खरं सांग. माझ्याकडे बघून सांगू नकोस."

करड्यावर तिने पाय टेकवला आणि लगेच उचलला. दुधी चौकोनावर उभी राहिली, पण बोटं आखडून. "चटका कमी आहे. पण गुळगुळीत आहे रे. ओलं झालं की कोणीतरी आपटेल इथे." तिसऱ्या, खरबरीत पांढऱ्या चौकोनावर ती आली, दोन्ही पाय ठेवले आणि तिथेच थांबली. पदर डोक्यावर घेतला. खाली रस्त्यावर कोण येतंय-जातंय ते बघितलं. शेजारच्या झाडाला काय लागलंय तेही बघितलं. टकटकराव वाट बघत राहिले.

"हा," शेवटी ती म्हणाली.

"याच्यात खोट आहे, ती आधी ऐक," टकटकराव म्हणाले. चाळीस वर्षांत आपल्या मालाची खोट सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. "यावर पाणी साचून चालत नाही. त्या कोपऱ्यात पाणी थांबतं, तिथे आधी उतार करावा लागेल. धूळ बसली की हा मळतो, आणि मळला की तापतो. दर उन्हाळ्याआधी धुवायला लागणार. आणि काळी शीट बारा वर्षं टिकली. हा पाच वर्षांनी परत लावावा लागेल."

"मग पाच वर्षांनी परत लाव."

"तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा असेन."

"आणि मी पंच्याहत्तर. बघू, आधी कोण वर चढतं ते."

काम सुरू झालं. कोपऱ्यात उतार काढला. चिरा कापून भरल्या. गच्ची आणि कठडा मिळतो त्या सांध्यात गोलाई दिली, म्हणजे पाण्याला बसायला कोनाडा मिळू नये. स्लॅबला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवला. आतून घाम धरला नाही, म्हणजे स्लॅब पोटातून कोरडा होता. मग लेपाचा एक पातळ हात, त्यावर जाळी, त्यावर आडवा हात, तो वाळल्यावर उभा हात. लेप पुरता मुरल्यावर पावसाचं पाणी उतरवणारा पाइप बोळ्याने बंद करून गच्ची दोन दिवस पाण्याने भरून ठेवली. पुतण्या सकाळ-संध्याकाळ वरच्या खोलीत जाऊन छताकडे मान मोडेस्तोवर बघत होता. दुसऱ्या दिवशी तो खाली आला तो लांब चेहरा घेऊन. पाइपाच्या तोंडाशी तळहाताएवढी ओल होती.

"काका, आधीचं बरं होतं," तो म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. वहिनी भिंतीशी ठेवलेल्या पिशवीजवळ बसली होती. तिने नुसतं वर बघितलं.

त्यांनी पाणी सोडलं, गच्ची वाळू दिली, पाइपाभोवतीचा वीतभर भाग फोडून पुन्हा भरला, जाळी पाइपाच्या आतपर्यंत वळवली आणि सगळे हात पुन्हा दिले. सहाव्या दिवशी परत पाणी भरलं. यावेळी पुतण्याबरोबर तेही मान वर करून उभे राहिले. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. छत कोरडं राहिलं.

त्यानंतरच्या पहिल्या रखरखीत दुपारी दोघांनी मिळून वहिनीचा पलंग वर चढवला. मशीन खिडकीशी होती तशीच होती. टकटकरावांनी छताला तळहात लावला आणि विसापर्यंत मोजलं, तरी हात ठेवता आला. कोमट होतं. पुतण्या खाली गेला. वहिनी पलंगावर आडवी झाली, आणि टकटकराव स्टुलावर बसले. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता, एक माणूस दिसत नव्हता.

"सांग आता," ते म्हणाले. "खरं खरं."

 ती छताकडे बघत पडून राहिली. वेळ गेला. तिचा श्वास संथ झाला, हात पोटावर सैल पडला. टकटकरावांना वाटलं, लागला डोळा. ते हळूच उठायला लागले.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"काय?"

"एवढंच करायचं होतं? रंग बदलायचा?"

टकटकराव पुन्हा बसले. "हो," ते म्हणाले. "एवढंच."

वहिनीने डोळ्यांवर हात आडवा घेतला. "हात चालत होते रे माझे तेव्हा. नजर चांगली होती. सुईत दोरा अंधारातही ओवायचे मी." तिचा आवाज चिरका झाला. "आता बसले तरी टाका सरळ येणार नाही. अकरा वर्षं, धाकट्या. त्या बोळकांडीत, पातेल्यांच्या शेजारी."

टकटकरावांनी आयुष्यात वहिनीला रागावलेलं पाहिलं नव्हतं.  जे एकच बोलणं होतं ते आधी बोलून झालं होतं, आणि तिने ते झटकून टाकलं होतं.

"चुकलं माझं, वहिनी," ते तरीही म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "चुकलं तुझं."

 खालून सूनबाईचं कोणाशी तरी बोलणं ऐकू येत होतं. टकटकरावांचे डोळे भरून आले होते, आणि तरी कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना छातीत मोकळं वाटत होतं. बऱ्याच वेळाने वहिनीने डोळ्यांवरचा हात काढला आणि भिंतीकडे कूस वळवली.

"ती चादर घाल जरा पायांवर," ती म्हणाली. "गार लागतंय."